आमच्या उंबऱ्याचा आकडा

सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे. ४० ला इशारा, ४५ ला धोका. हे आकडे सांगलीच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्नच्या आसपास गेलं तेव्हा मी पुण्यात नियोजनाच्या पदवीला होते आणि आई-आण्णा घराच्या गच्चीवर होते. दोन रात्री. फोन सुरू ठेवायचा म्हणून आण्णा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असे दोनच मिनिटं बोलायचे, आणि त्यातही आधी आकडा सांगायचे.

२०२३ च्या जुलैमध्ये मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला चार आठवड्यांच्या एका उन्हाळी अभ्यासक्रमाला गेले. विषय होता शाश्वत शहरं आणि नियोजन. तेव्हा माझं एम. प्लॅनचं, म्हणजे नियोजनातल्या पदव्युत्तर पदवीचं, पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. तिथं काय पाहिलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

अर्जात एकच मोठा प्रश्न होता: तुमच्या शहरातला एक प्रश्न सांगा आणि तो तुम्हाला का सोडवायचा आहे ते पाचशे शब्दांत लिहा. मी आयर्विनच्या आकड्यापासून सुरुवात केली आणि गच्चीवर संपवलं. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की पाचशे शब्दांत हवामानबदलाची ओळख करून देत बसू नका, ती त्यांना आहे. तुमची गल्ली त्यांना माहीत नाही, ती दाखवा. फेब्रुवारीत अर्ज केला, मार्चअखेर निवड कळली. निम्मी फी माफ झाली. उरलेली फी आणि विमानाचं तिकीट यांसाठी आण्णांनी पोस्टातली ठेव मोडली. ती २०१९ नंतर घराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली होती. मी नको म्हणाले. ते म्हणाले, “फरशी दर पुराला उखडतीया. तू जाऊन ये.”

व्हिसाचं थोडक्यात सांगते. नव्वद दिवसांच्या आतला मुक्काम असल्यानं शेंगेन व्हिसा पुरतो, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. बँकेचा तपशील, निवडपत्र, राहण्याच्या जागेचा पुरावा, परतीचं तिकीट हे सगळं लागतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि खरं तर तेव्हाच करावा. मी एप्रिलअखेर तारीख शोधायला बसले तर मुंबईत जूनच्या मध्यापर्यंत एकही मोकळी तारीख नव्हती. रोज पहाटे उठून बघत राहिले. शेवटी कुणाची तरी रद्द झालेली वेळ मिळाली आणि निघायच्या आठ दिवस आधी पासपोर्ट हातात आला. ते दीड महिने मी काहीच वाचू शकले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

पहिला आठवडा व्याख्यानांचा आणि सायकलींचा. बुधवारी, ५ जुलैला, आम्ही ॲमस्टरडॅमला जाणार होतो, पण त्याच दिवशी ‘पॉली’ नावाचं वादळ आलं आणि उत्तरेकडच्या रेल्वेगाड्या बंद पडल्या. मग वर्गातच नकाशा पसरून बसलो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, आयुष्यभर नदीकाठच्या बांधांवर काम केलेल्या अभियंता. त्यांनी देशाच्या नकाशावर समुद्रसपाटीच्या खालचा भाग निळा रंगवून दाखवला. रॉटरडॅमच्या ईशान्येला जमीन समुद्रसपाटीच्या पावणेसात मीटर खाली जाते. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर समुद्राच्या बाजूला जे काही बांधलं गेलं ते जगप्रसिद्ध आहे. बाईंनी मात्र त्यावर दहा मिनिटंच घालवली. त्यांना नद्यांबद्दल बोलायचं होतं.

१९९३ आणि १९९५ मध्ये ऱ्हाइन आणि मास या नद्या इतक्या फुगल्या की १९९५ ला सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बांध फुटले नाहीत, पण फुटू शकतात हे सगळ्यांना कळलं. तोवर शेकडो वर्षांचा शिरस्ता असा की पाणी वाढलं की बांध उंच करायचा. या वेळी त्यांनी उलटा विचार केला. बांध मागं सरकवायचा, नदीला पसरायला जागा द्यायची. या कार्यक्रमाचं नावच ‘नदीला जागा’ असं आहे. तीसहून जास्त ठिकाणी कामं झाली, सुमारे २३० कोटी युरो खर्च झाले आणि ऱ्हाइनची वहनक्षमता सेकंदाला १५,००० वरून १६,००० घनमीटरवर नेली गेली.

हे मी पुण्यात पुस्तकात वाचलं होतं. मी गेले तीही काहीशी याच भावनेनं की तिथलं तंत्र समजून घ्यावं आणि कृष्णेला लावून बघावं.

रॉटरडॅममधलं बेंथेमप्लाइन इथलं पाणीचौक बघितलं. एरवी पोरं खोलगट भागात बास्केटबॉल खेळतात, पायऱ्यांवर बसतात. मोठा पाऊस झाला की आजूबाजूच्या छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी तिथं साठतं, १७ लाख लिटरपर्यंत, आणि मग सावकाश सोडलं जातं. कल्पना सुंदर आहे, पण ती शहरात पडणाऱ्या पावसासाठी आहे, वरून येणाऱ्या नदीसाठी नाही. आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या शहरासाठी लगेच पाणीचौक काढायला घेतले. तरंगत्या गोठ्यातल्या गाई, छतांवरची शेती, संग्रहालयाच्या वाहनतळाखालची पाण्याची टाकी हेही सगळं पाहिलं. फोटो भरपूर काढले.

मला धरून ठेवलं ते नायमेखन या शहरानं. तिथं वाल ही ऱ्हाइनची शाखा शहरापाशी अचानक वळते आणि अरुंद होते, बाटलीच्या गळ्यासारखी. समोरच्या काठावर लेंट नावाचं गाव. तिथला बांध त्यांनी ३५० मीटर मागं नेला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत नदीसाठी दुसरा प्रवाह खणला. मधे एक बेट तयार झालं. आता तिथं लोक पोहतात, नावा वल्हवतात. एक छोटा पूल मुद्दाम इतका खाली बांधलाय की मोठ्या पाण्यात तो बुडावा. तेव्हा लोक त्याच्या बाजूच्या दगडी ठोकळ्यांवरून उड्या मारत जातात. पूर आलाय हे शहराला दिसावं, अशी ती रचना.

बांध मागं सरकवायचा म्हणजे मधली घरं जाणार. साधारण पन्नास गेली. आम्हाला तिथं भेटलेल्या एका आजोबांचं घर त्यातलंच. ते आम्हाला नव्या बांधावर घेऊन गेले आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, तिथं आमचं स्वयंपाकघर होतं. पहिली बातमी कळल्यापासून काम सुरू होईपर्यंत दहा-एक वर्षं गेली, सभा झाल्या, विरोध झाला, शहरानं आधी नाही म्हटलं. आजोबा सुरुवातीला भांडणाऱ्यांत होते. त्यांच्या घरी अधिकारी किती वेळा आले ते त्यांनी मोजलं नव्हतं, पण चहा-कॉफी करून बायको कंटाळली होती म्हणाले. त्या भेटींना डच भाषेत एक शब्दच आहे, ‘स्वयंपाकघराच्या टेबलावरचं बोलणं’ अशा अर्थाचा. नोटीस नंतर येते, आधी माणूस येऊन बसतो.

मी बाईंना विचारलं, एवढं करून पातळी किती उतरली? म्हणाल्या, सुमारे ३५ सेंटीमीटर. गटातल्या एकानं तोंड वाकडं केलं. मी मनात फुटांत मांडलं. एक फूट दोन इंच. २०१९ ला आयर्विनला साडेसत्तावन्नऐवजी सव्वाछप्पन्न असतं तर किती घरांत पाणी खिडकीपर्यंत न जाता जोत्यापाशी थांबलं असतं, हे सांगलीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण ओव्हरडीप नावाच्या सखल पट्ट्याचं. तिथं मोठ्या पुरात पाणी शेतात घ्यायचं ठरलं, तेव्हा तिथल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनीच पर्याय पुढे केला: आम्हाला उंच मातीचे चौथरे बांधून द्या, गोठे आणि घरं त्यावर हलवतो, खालची जमीन पुरात गेली तर जाऊ दे. साधारण निम्मी कुटुंबं चौथऱ्यांवर राहिली, बाकीची दुसरीकडे गेली. सगळ्यांना पुरेल एवढी जागा राहिली नाही, हेही आम्हाला तिथंच स्पष्ट सांगितलं गेलं.

आणि या सगळ्याच्या मागं त्यांची पाणीमंडळं. २१ आहेत. काही तेराव्या शतकापासून चालत आलेली. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, त्यांचा स्वतंत्र कर असतो. बांधाची देखभाल हा निवडणुकीचा विषय असतो, हे ऐकून मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

तिसऱ्या आठवड्यात दक्षिणेला लिंबर्ग प्रांतात फाल्कनबर्गला गेलो. हे गाव सपाट हॉलंडमधलं नव्हे, तिथं टेकड्या आहेत, पिवळसर दगडाची घरं आहेत आणि मधून खुल नावाची लहानशी नदी वाहते. १४ जुलै २०२१ च्या सुमाराला दोन दिवसांत तिथं प्रचंड पाऊस झाला आणि नदी बाजारपेठेत शिरली. त्याच आठवड्यात शेजारच्या जर्मनीत आणि बेल्जियममध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली. आणि त्याच महिन्यात, २५ जुलैच्या सुमाराला, आयर्विनला पाणी ५५ च्या आसपास होतं. मी त्या गल्लीत भिंतीवरची पुराची खूण बघत उभी राहिले. कंबरेच्या वर. तिचा मातकट रंग मला ओळखीचा होता. पाण्याची एवढी मंडळं आणि सातशे-आठशे वर्षांचा अनुभव असलेल्या देशातही लहान नदीकडे कुणाचं पुरेसं लक्ष नव्हतं, हे तिथल्या दुकानदारानं आम्हाला सांगितलं. दोन वर्षांनीही काही खिडक्यांना फळ्या मारलेल्या होत्या.

त्या रात्री परतीच्या गाडीत माझ्या शेजारी इंडोनेशियातल्या सेमारांगची मैत्रीण होती. तिच्या शहरात भरतीचं पाणी घरात येतं आणि जमीनही खचते. दर काही वर्षांनी लोक फरशी वर उचलतात, भर घालून. तिच्या आजीच्या घराचं दार आता इतकं बुटकं झालंय की वाकून आत जावं लागतं. आम्ही दोघी उतरून वेस्ट-क्राउसकादं रस्त्यावर एका सुरिनामी हिंदुस्तानी खाणावळीत रोटी खायला गेलो. दीडशे वर्षांपूर्वी बिहार-पूर्वांचलातून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांचे हे वंशज. वाढणाऱ्या मावशी माझ्याशी त्यांच्या भोजपुरीत बोलल्या, मी हिंदीत. तिथल्या बटाट्याच्या भाजीनं तीन आठवड्यांचा शीण गेला.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या शहराचा आराखडा मांडायचा होता. मी सांगलीचा पूररेषेचा नकाशा घेऊन गेले होते. आपल्याकडे दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, तिथं बांधकाम नाही. बाग, मैदान, शेती चालते. निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र, तिथं अटींसह. कागदावर हे डचांच्या नियमांपेक्षा काही वाईट नाही. मी तो नकाशा उपग्रहचित्रावर बसवला आणि आमचं घर शोधलं. ते रेषेच्या आत नव्हतं, बाहेरही नव्हतं. ते रेषेखाली होतं. माझ्याकडच्या प्रतीत एक मिलिमीटर जाडीची रेषा म्हणजे जमिनीवर दहा मीटर. आमचं अख्खं घर त्या जाडीत मावत होतं.

बाईंनी नकाशा पाहिला आणि विचारलं, “ही रेषा जमिनीवर कुठं आहे? उद्या मी सांगलीला आले तर तिच्यावर मला कोण उभं करेल?”

मला उत्तर देता आलं नाही. वसतिगृहावर येऊन आण्णांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती. विचारलं, “आण्णा, २०१९ ला बैठकीच्या खोलीत फरशीपासून किती पाणी होतं? नीट मोजून.” ते म्हणाले, “मोजायचं कशाला, कपाटावर रेघ हाय की अजून.” टेप लावून परत फोन केला. साडेचार फूट.

साडेसत्तावन्नातून साडेचार गेले, ५३. म्हणजे आयर्विनला ५३ झाले की आमच्या फरशीला पाणी लागतं. खात्री करायला २००५ चं विचारलं. त्या वर्षी आयर्विनला पावणेचौपन्नच्या आसपास होतं, म्हणजे घरात पाऊण फूट यायला हवं. आण्णा थोडं थांबून म्हणाले, “लोखंडी कॉटचे पाय निम्मे बुडाले होते.” जुळलं. २०२१ चे दोन फूटही जुळले. पुलापासूनच्या अंतरामुळं दोन-चार इंचांचा फरक पडतो, तेवढा धरायचा.

पुढच्या दोन दिवसांत आण्णांनी गल्लीत फिरून चौदा घरांतल्या खुणा मोजल्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्या. कपाटं, देवघराचा कोनाडा, शिवणयंत्राचा लाकडी फळा, एका घरात तर भिंतीला टेकवलेल्या वारीच्या वीणेच्या भोपळ्यावरचा डाग. मी प्रत्येकाचा आकडा काढला. सगळ्यात खालचं घर ४९, सगळ्यात वरचं ५४. शंभर-सव्वाशे मीटरच्या गल्लीत पाच फुटांचा फरक, आणि नकाशावर या सगळ्यांवरून एकच रेषा गेलेली.

अंतिम सादरीकरणात मी आराखडा मांडलाच नाही. चौदा उंबरे आणि त्यांचे चौदा आकडे मांडले, आणि प्रत्येकासमोर घर केव्हा बांधलं ते. बहुतेक १९९० नंतरची, गुंठेवारीतली. आण्णांनी १९९७ ला दोन गुंठे घेतले तेव्हा त्यांना कुणी आकडा सांगितला नव्हता. नदी दीड किलोमीटर लांब, वर निळं आभाळ, हप्त्यानं मिळणारी जागा. परीक्षकांपैकी एकानं म्हटलं, यात प्रस्ताव कुठं आहे? प्रश्न रास्त होता. बाई म्हणाल्या, बांध कुठं सरकवायचा हे ठरवण्याआधी आम्हालाही हेच करावं लागलं होतं. मला मध्यम गुण मिळाले. मला ते पटले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला आले. येताना गाडीत ठरवलं होतं की आण्णांना लेंटच्या आजोबांबद्दल सांगायचं. जेवताना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांना जागा कुठं दिली?” मी सांगितलं की मोबदला मिळाला, काहींनी जवळच घरं घेतली. “आणि आपण कुठं जायचं?” यावर आई म्हणाली, “आधी जेवा.”

या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ऱ्हाइनचं पाणी जर्मनीतून यायला काही दिवस घेतं. आपल्याकडे कोयनेचा विसर्ग, वारणेचं हरिपूरला मिळणारं पाणी, शिवाय खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून चाललेला वाद, आणि कृष्णेला इथं उतार असा नाहीच. तिकडे मागं सरकायला शेत होतं, इकडे मागं दुसऱ्याचं घर आहे. २३० कोटी युरोंचं तर बोलायलाच नको. तिथलं तंत्र उचलून इथं लावण्याचा माझा विचार आता राहिलेला नाही. पण नोटिशीच्या आधी घरात येऊन बसणारा माणूस आपल्याकडेही असू शकतो, याला पैसे लागत नाहीत, आणि तो असायलाच हवा यावर मी ठाम आहे. आपल्याकडे पूर ओसरला की पहिला सरकारी माणूस येतो तो पंचनाम्याला.

त्या सुट्टीत मी आणि आण्णा आणखी सत्तावीस घरांत गेलो. टेप, वही आणि पारदर्शक पाण्याची नळी, गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती. काही ठिकाणी चहा झाला, काही ठिकाणी दोन तास गेले. पूर सांगायला बसलं की माणूस म्हशींपासून सुरुवात करतो. सहा घरांनी मोजू दिलं नाही. एक काका दारातच म्हणाले, “आकडा लिहून ठेवलास तर उद्या घराला गिऱ्हाईक येईल का?” त्यांची मुलगी लग्नाची आहे आणि घर विकायचं आहे. मी वही मिटली. त्या सहा घरांच्या जागी माझ्या नकाशात पांढरे चौकोन आहेत आणि ते मी अंदाजानं भरलेले नाहीत.

हाच नकाशा मी माझ्या प्रबंधाचा पाया केला. आण्णांनी त्यांच्यापुरतं काम उरकलं. विजेचा मीटर आणि स्वयंपाकघरातला प्लग जमिनीपासून सहा फुटांवर नेला. धान्याची कोठी माळ्यावर गेली. आणि गेटच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी तेलरंगानं ५३ असं लिहून ठेवलं.